बिनपैशाची परदेशयात्रा

श्रोतेहो, माझ्यापाशी खर्चाची एक जुनी वही आहे. काही वर्षांपूर्वी मी आणि आमच्या महाविद्यालयातले एक सहकारी उन्हाळ्याच्या सुटीत नेपाळला जाऊन आलो. माझा आजवरचा परदेशप्रवास म्हणाल तर तेवढाच. दोघेही पगारदार, दोघांच्याही घरी शिकणारी मुले. तेव्हा जायचे ते काटकसरीनेच, असे ठरवूनच आम्ही निघालो. गोरखपूरपर्यंत रेल्वेचा साधा डबा, तेथून सुनौलीच्या नाक्यापर्यंत बस आणि पुढे काठमांडूपर्यंत डोंगरातली रात्रीची बस. आपल्या शंभर रुपयांचे तिकडे एकशेसाठ होतात, याचाच आम्हाला केवढा आनंद! रोज रात्री खोलीवर आलो की आम्ही पै-पैचा हिशेब त्या वहीत मांडीत असू.

परवा वर्ग सुटल्यावर एका विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, परदेशात स्वस्तात जाऊन यायचं तर किती पैसे लागतील?" मी मोठ्या हौसेने ती वही आणून त्याला दाखवली. त्याने आकडे उतरवून घेतले आणि तो गेला. मग मी सहज पाने उलटीत बसलो. बसचे भाडे, डाळभात, चहा, खोली, सारे जागच्या जागी होते. मात्र आम्ही ज्यांच्या हातचा डाळभात खाल्ला, त्यांतल्या एकाचाही चेहरा मला आठवेना. पैसे दिले, पावती घेतली, व्यवहार संपला. आठ दिवस परमुलखात राहूनही आम्ही कोणाच्या घरचा उंबरठा ओलांडला नव्हता.

त्या रात्री मला दोन भारतीय तरुणांची आठवण झाली. तेही जोडीनेच परदेशी गेले होते. त्यांचा खर्च काढू गेलो तर माझी वही त्यांच्यापुढे श्रीमंतीची ठरेल, कारण त्यांनी बरोबर एक पैसाही घेतला नव्हता. दिल्लीहून निघून ते थेट अमेरिकेच्या राजधानीत पोचले, आणि समुद्राची वाट सोडली तर बहुतेक सारे अंतर पायी चालून गेले. या गोष्टीला साठ वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. आज आपणापुढे मांडायची आहे ती हीच हकीकत, आणि तिच्यातून निघणारा एक प्रश्न.

या दोघांची नावे सतीश कुमार आणि ई. पी. मेनन. सतीश कुमार राजस्थानातले, जन्म १९३६ चा. वयाच्या नवव्या वर्षी ते जैन मुनी झाले आणि अठराव्या वर्षी, गांधीजींचे विचार वाचून, तो वेश उतरवून विनोबांच्या भूदान कार्यात शिरले. मेनन केरळातले. एक वाळवंटाकडचा, एक समुद्राकाठचा. पण विनोबांच्या कामाने त्यांना एकत्र आणले होते.

तो काळ कसा होता, हे थोडे आठवले पाहिजे. १९४५ साली हिरोशिमा आणि नागासाकी ही दोन शहरे अणुबाँबने भाजून निघाली. पुढच्या पंधरा-सोळा वर्षांत अमेरिका, सोव्हिएत संघ, ब्रिटन आणि फ्रान्स अशा चार राष्ट्रांच्या हाती हे अस्त्र आले. १९६१ च्या ऑक्टोबर महिन्यात सोव्हिएत संघाने उत्तर ध्रुवाकडच्या नोवाया झेम्ल्या बेटावर एक बाँब उडवून पाहिला. हिरोशिमावरच्या बाँबच्या तीन हजार पटींहून अधिक त्याची शक्ती होती. असल्या अस्त्रांविरुद्ध लंडनमध्ये लोक रस्त्यावर उतरत होते. बर्ट्रांड रसेल या जगप्रसिद्ध तत्त्वज्ञालाही त्यापायी सप्टेंबर १९६१ मध्ये आठवडाभर तुरुंगात बसावे लागले. तेव्हा त्यांचे वय होते ८९ वर्षे!

ही बातमी सतीश कुमार आणि मेनन यांनी बंगळूरच्या एका उपाहारगृहात वर्तमानपत्रात वाचली. नव्वदीला टेकलेला म्हातारा शांततेसाठी तुरुंगात जातो आणि आपण तरणीताठी पोरे इथे बसून काय करतो आहोत, असे त्यांच्या मनाने घेतले. बोलता बोलता ठरले की या चारही राष्ट्रांच्या राजधान्यांपर्यंत चालत जायचे, मॉस्को, पॅरिस, लंडन आणि वॉशिंग्टन, आणि वाटेत भेटेल त्याला सांगायचे की बाबांनो, हा खेळ थांबवा. बेत ठरला तसे ते विनोबांचा आशीर्वाद घ्यायला गेले.

विनोबा आपल्या महाराष्ट्राचे, त्या वेळच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातल्या गागोद्याचे. १९५१ च्या एप्रिलात तेलंगणातल्या पोचमपल्लीत त्यांना पहिले भूमिदान मिळाले, आणि तेव्हापासून गावोगाव पायी फिरत ते जमीन मागत होते. चालण्याचे शास्त्र त्यांच्याहून अधिक कोणाला ठाऊक असणार? त्यांनी या दोघांना आशीर्वाद तर दिलाच, पण बरोबर दोन शस्त्रे दिली. पहिले, जवळ पैसा ठेवायचा नाही. दुसरे, शाकाहार सोडायचा नाही.

आता आपण म्हणाल, हे कसले शस्त्र? ही तर हातपाय बांधून पाण्यात टाकण्याची रीत झाली! पण विनोबांचा हिशेब निराळा होता. समजा, खिशात पैसे आहेत. दिवसभर चालून संध्याकाळी थकून गावात पोचलात, की तुम्ही सरळ खाणावळीत जाल, जेवाल, खोली घ्याल आणि पडाल. सकाळी उठून पुढची वाट धराल. कोणाशी दोन शब्द बोलायची गरजच पडणार नाही. पैसे नसले तर मात्र कोणाच्या तरी दाराशी उभे राहावेच लागेल. दार वाजवले की माणूस बाहेर येणार, कोण कुठले म्हणून विचारणार, आणि तुम्ही कशासाठी निघालात ते सांगावे लागणार. बरे, घरात घेऊन त्याने ताट वाढले आणि तुम्ही म्हणालात की आम्ही मांस खात नाही, तर तो विचारणार, का बुवा? मग जिवाला जीव मानण्याची गोष्ट निघणार, आणि तिच्या पाठोपाठ बाँबची. म्हणजे भाषण करायला सभा भरवण्याची गरज नाही. रोज रात्री कोणाच्या तरी स्वयंपाकघरात सभा भरणारच!

रिकाम्या खिशाचे हे मर्म माझ्यासारख्या खर्च मांडणाऱ्या माणसाच्या ध्यानात फार उशिरा आले.

१ जून १९६२ रोजी दिल्लीत गांधीजींच्या समाधीपाशी नमस्कार करून दोघे निघाले. दिल्लीतला जून म्हणजे अंगाची लाही करणारा. पंजाबातून चालत ते पाकिस्तानच्या हद्दीशी पोचले. त्या वेळी फाळणीला अवघी पंधरा वर्षे झाली होती. ज्या वाटेने ते चालले होते, त्याच वाटेने १९४७ साली लाखो निर्वासित जीव मुठीत धरून इकडून तिकडे आणि तिकडून इकडे गेले होते. त्या जखमा अजून ओल्या होत्या. साहजिकच निरोप द्यायला आलेल्या एका स्नेह्याच्या डोळ्यांत पाणी आले. तुम्ही पाकिस्तानात चाललात, तिथे तुम्हाला कोण विचारणार, निदान ही शिदोरी तरी घ्या, म्हणून त्याने खाण्याची पुडकी पुढे केली.

श्रोतेहो, शिदोरी ही आपल्याकडे मायेची वस्तू. पोर परगावी निघाले की आई भाकरी-चटणी फडक्यात बांधून देते, आणि ती नको म्हणणे म्हणजे आईचे मन मोडणे. या दोघांनी मात्र ती पुडकी परत केली. सतीश कुमार यांनी पुढे सांगितले आहे की ती त्यांना अन्नाची पुडकी वाटली नाहीत, अविश्वासाची वाटली. पाकिस्तानातल्या यजमानाने विचारले असते की शिदोरी कशाला आणलीत, तर काय सांगायचे? तुम्ही जेवू घालाल असे वाटले नव्हते, असे?

हद्द ओलांडून ते थोडे पुढे गेले, तोच एका अनोळखी गृहस्थाने त्यांना गाठले. शांततेसाठी चालत निघालेले दोघे ते तुम्हीच का, अशी त्याने चौकशी केली. त्यांची बातमी त्याच्या कानी आधीच गेली होती. तो लाहोरचा होता आणि त्यांना आपल्या घरी नेण्यासाठी वाट पाहत थांबला होता. आपण हिंदू म्हणून गेलो तर पुढे मुसलमान भेटतो, हिंदी म्हणून गेलो तर पाकिस्तानी भेटतो, आणि माणूस म्हणून गेलो तर माणूस भेटतो, असा धडा या भेटीतून घेतल्याचे सतीश कुमार सांगत. पहिल्याच पावलाला मिळालेला हा धडा त्यांना पुढे सारी वाट पुरला.

पुढे खैबरखिंडीतून अफगाणिस्तान, आणि मग इराण. उघडे डोंगर, वाळवंट, दूर दूर विखुरलेली वस्ती. गाव आले की विचारपूस व्हायची, भाकरी आणि अंथरूण मिळायचे. एखादे दिवशी काही मिळाले नाही तर ते म्हणत, चला, आज उपास घडला. आणि निवारा नसला तर आज चांदण्यांखाली झोप. हे ऐकायला गोड वाटते. पण थकलेल्या पायांनी आणि रिकाम्या पोटी असे म्हणणे किती अवघड असेल, हे वारीला चालत जाणाऱ्या आपल्या मंडळींना मी सांगायला नको. सतीश कुमार मुनी असताना भिक्षेवरच वाढले होते, त्याचा येथे मोठा उपयोग झाला असला पाहिजे. दुसऱ्याच्या दारी उभे राहायचे आणि लाचारही व्हायचे नाही, ही सोपी विद्या नव्हे.

येथे सोबतीविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत. परमुलखात एकटा माणूस दाराशी आला तर घरच्यांना तो भिकारी किंवा चोर वाटतो. चौघे-पाचजण आले तर जेवण पुरायचे कसे, ही काळजी. दोघेजण आले तर ते पाहुण्यासारखे दिसतात. दोन भाकऱ्या जास्त टाकल्या की भागते. शिवाय नकार मिळाला तरी तो दोघांत वाटला जातो. आमच्या नेपाळच्या प्रवासातही सोबत होतीच. पण आम्ही एकमेकांशीच बोलत राहिलो. सोबतीचे हेही एक व्यसन आहे बघा. दोघे असले की तिसऱ्याची गरज वाटेनाशी होते. या दोघांना मात्र रिकाम्या खिशाने रोज तिसऱ्याकडे जायला लावले.

इराणनंतर ते सोव्हिएत संघाच्या दक्षिण भागात शिरले. त्या भागात, काळ्या समुद्राच्या बाजूला, चहाचे मळे आहेत. तेथे चहाच्या एका कारखान्याबाहेर त्यांना दोन कामकरी स्त्रिया भेटल्या. कोण, कुठले, कशाला निघालात, सारी चौकशी झाली. चहा झाला. मग त्यांतल्या एकीला काय सुचले कोण जाणे, ती आत गेली आणि चहाच्या चार पुड्या घेऊन आली. या तुमच्यासाठी नाहीत, ती म्हणाली. चार राजधान्यांतल्या चार पुढाऱ्यांना एक एक द्या, आणि माझा निरोप सांगा. बाँबची कळ दाबावीशी वाटली तर क्षणभर थांबा, हा चहा करून प्या, आणि मग विचार करा की आपला बाँब कोणाकोणावर पडणार आहे. शत्रूच्या सैनिकांवरच का? पोरेबाळे, गुरेढोरे, झाडे, पाणी, यांचे काय?

पाहा, विनोबांनी दिलेली शस्त्रे दोन होती. हे तिसरे एका कामकरी बाईने दिले. खिशात पैसे असते तर तो चहा त्यांनी विकत घेतला असता. मग त्या चार पुड्या मिळाल्या नसत्या!

त्या पुड्या घेऊन बर्फातून चालत ते मॉस्कोस पोचले, आणि पुढे पोलंड, जर्मनी, बेल्जियम असे करीत फ्रान्सला. त्यांची ही वाटचाल चालू असतानाच ऑक्टोबर १९६२ मध्ये क्यूबातील क्षेपणास्त्रांवरून अमेरिका आणि सोव्हिएत संघ तेरा दिवस युद्धाच्या अगदी काठावर उभे होते. त्याच महिन्यात आपल्या उत्तर सीमेवर चीनशी युद्ध पेटले. म्हणजे हे दोघे कोणत्या वणव्यातून पाण्याची ओंजळ घेऊन चालले होते, ते ध्यानात येईल.

पॅरिसमध्ये अनुभव निराळा आला. फ्रान्सच्या अध्यक्षांची भेट काही मिळाली नाही. उलट निदर्शने केल्याबद्दल पोलिसांनी त्यांना पकडून कोठडीत टाकले. पुढे तेथून त्यांची रवानगी इंग्लंडकडे झाली. खाडी काही चालून ओलांडता येत नाही, तेव्हा बोटीने डोव्हर आणि तेथून पायी लंडन. ज्यांच्या तुरुंगवासाने या यात्रेची ठिणगी पडली, ते रसेल त्यांना वेल्समधल्या आपल्या घरी भेटले. अटलांटिक महासागर ओलांडण्यासाठी त्यांच्याच खटपटीने मदत मिळाली आणि 'क्वीन मेरी' जहाजाने दोघे न्यूयॉर्कला गेले.

येथे मला शिक्षकाच्या नात्याने थोडे थांबले पाहिजे. ही यात्रा बिनपैशाची म्हणतो खरी. पण तिला खर्च आला नाही, असे म्हणता येणार नाही. जहाजाचे भाडे कोणीतरी भरलेच होते. लाहोरच्या गृहस्थाने पदरमोड केली, अफगाण शेतकऱ्याने आपल्या भाकरीतली भाकरी दिली. खर्च सर्वांनी वाटून उचलला, म्हणून तो कोणा एकाच्या वहीत दिसत नाही, इतकेच. आणखीही एक गोष्ट आहे. दोघेही पुरुष होते, शिकलेले होते, विनोबांचे नाव त्यांच्या पाठीशी होते, आणि त्यांच्या येण्याच्या बातम्या पुढे जात होत्या. एकट्या बाईमाणसाला तेव्हा ही वाट अशी मोकळी मिळाली असती का? नसती, असे मला वाटते. तेव्हा ही हकीकत ऐकून कोणी उद्या रिकाम्या खिशाने घर सोडावे, असे माझे मुळीच म्हणणे नाही. हल्ली बहुतेक देश प्रवेशाचा परवाना देण्याआधी बँकेतली शिल्लक दाखवा म्हणतात.

अमेरिकेत दोन्ही प्रकारची माणसे भेटली. दक्षिणेकडच्या एका उपाहारगृहात, गोऱ्यांखेरीज इतरांना येथे चहा मिळणार नाही म्हणून, मालकाने सतीश कुमारांवर पिस्तूल रोखले. जग पायी पालथे घालून आलेला माणूस एका कप चहासाठी मरता मरता वाचला! आणि त्याच दक्षिणेत, अटलांटा शहरी, मार्टिन ल्यूथर किंग यांनी त्यांचे स्वागत केले. एकाच मुलखातली ही दोन दारे.

१९६४ च्या सुरुवातीला ते वॉशिंग्टनला पोचले. चौथी पुडी जॉन केनेडी यांच्यासाठी जपून आणली होती. पण २२ नोव्हेंबर १९६३ रोजी डल्लास शहरी केनेडींची गोळी घालून हत्या झाली होती. दोघांनी आपली यात्रा आर्लिंग्टनच्या दफनभूमीत, केनेडींच्या थडग्यापाशी संपवली. सुमारे ८,००० मैलांची, म्हणजे जवळजवळ १३,००० किलोमीटरांची ही यात्रा. जिथून निघाले, तीही गोळीला बळी पडलेल्या माणसाची समाधी होती, आणि जिथे पोचले, तीही.

मग या साऱ्याचे फलित काय, असे कोणी विचारील, आणि इतिहासाच्या अभ्यासकाने उत्तर देताना गोड बोलू नये. चार पुड्या चार राजधान्यांत पोचत्या झाल्या, पण कोणा राष्ट्रप्रमुखाने या दोघांना शेजारी बसवून तो चहा घेतला, असे घडले नाही. ऑगस्ट १९६३ मध्ये अणुचाचण्यांवर अंशतः बंदी घालणारा करार मॉस्कोत झाला खरा, पण त्याचे श्रेय या दोघांना देणे म्हणजे इतिहासाला फाटा देणे होईल. फ्रान्सने त्या करारावर सही केली नाही. १९६४ साली चीनने चाचणी केली, आणि पुढे १९७४ व १९९८ साली आपण स्वतः पोखरणला केली. बाँब काही थांबले नाहीत.

तरीही ही यात्रा मला फुकट गेली असे वाटत नाही. बाँब बनवणाऱ्यांचे सारे गणित एका गृहीतावर उभे असते की पलीकडचा माणूस आपला वैरी आहे, आणि संधी मिळताच तो घात करील. हे गृहीत खरे की खोटे, हे तपासायचे कसे? खोलीत बसून ते तपासता येत नाही. या दोघांनी आपला जीव तारण ठेवून ते तपासले. दीड वर्षाहून अधिक काळ, जे आपल्याला ओळखत नाहीत अशांच्या दाराशी ते रोज संध्याकाळी उभे राहिले, आणि शेवटपर्यंत जिवंत आणि धडधाकट पोचले. कोठडी मिळाली, पिस्तूल रोखले गेले, हे खरेच. पण पारडे कोणीकडे झुकले, ते आपणच ठरवा.

सतीश कुमार पुढे इंग्लंडमध्ये स्थायिक झाले, तेथे एका नियतकालिकाचे संपादन आणि शिक्षणाचे कार्य त्यांनी केले. आपल्या यात्रेची हकीकत त्यांनी आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे. मेनन यांनीही आपले अनुभव पुस्तकरूपाने मांडले. गुरुजनांनी मुलांना नकाशा पुढे ठेवून ही वाट जरूर दाखवावी. दिल्ली, लाहोर, काबूल, तेहरान, मॉस्को, असे बोट फिरवताना भूगोल आणि इतिहास एकदमच शिकवून होतील.

आणि माझ्या त्या विद्यार्थ्याला काय उत्तर द्यायचे? त्याला मी परत बोलावले आहे. वहीतले आकडे खरे आहेत, ते त्याने जपून ठेवावेत. आजच्या काळात पैसे लागतातच. पण रोजच्या हिशेबाखाली एक रकाना त्याने आणखी आखावा, आज कोणाच्या घरी गेलो, हा. त्यासाठी लांब जायलाही नको. पुढच्या तालुक्यातल्या शाळेत सहल न्यावी आणि मुलांनी रात्री तिथल्या मुलांच्या घरी जेवावे, इतके तरी आपल्याला सहज करता येईल.

शेवटी, श्रोतेहो, मघाशी म्हटला तो प्रश्न. आपण आपल्या गावात आहात, दिवेलागण झाली आहे, आणि दोन परके तरुण दाराशी येऊन उभे आहेत. भाषा वेगळी, धर्म कोणता ठाऊक नाही, खिसा रिकामा. त्यांच्या यात्रेचा पुढचा टप्पा आपल्या हातात आहे. आपण आधी दार उघडू, की आधी त्यांचे नाव-गाव विचारू? याचे उत्तर मीही अजून शोधतो आहे. आपणही शोधावे, अशी विनंती करून आपली रजा घेतो.